नव्या गावात पहिली सोबतीण: खान्देशात कामासाठी आलेल्या बायकांनी एकमेकींना कसं धरून ठेवायचं

जळगावला आले तेव्हा माझ्याजवळ एक पत्र्याची पेटी होती. कडेवर धाकटा, बोटाला थोरली, आणि कनवटीला दालमिलमधल्या मुकादमाचं नाव लिहिलेली चिठ्ठी. माझं माहेर-सासर दोन्ही शिरपूर तालुक्यातलं, म्हणजे मी काही फार लांबून आलेली नाही. भाषा आपली, भाकरी आपली. तरी पहिले चार महिने खोली, नळ आणि किराणा दुकान यापलीकडे मी पाऊल टाकलं नाही. शेजारच्या खोलीत खरगोनकडून आलेली एक बाई होती. तिचं बोलणं मला अर्धंमुर्धं कळायचं, माझं तिला तेवढंही नाही. भांडी घासताना आम्ही एकमेकींकडे बघून हसायचो, बस. तिच्या मुलाला जन्मानंतर एकही लस मिळालेली नाही, हे मला समजलं तेव्हा तो सात महिन्यांचा झाला होता. अंगणवाडी आमच्या चाळीपासून शंभर पावलांवर होती. रोज पाणी आणायला मी तिच्यावरूनच जायचे.

ती शंभर पावलं तिला कोणी सोबत नेलं नाही. मीही नाही. ही गोष्ट मला अजून टोचते, आणि आज मी बचत गटाचं जे काम करते त्याचं मूळ तिथेच आहे. म्हणून हे लिहिते आहे नव्याने आलेल्या बाईसाठी, आणि तिच्याआधी वर्ष-दोन वर्षं आलेल्या बाईसाठी तर जास्तच. कारण नवीला हात देण्यात तीच सगळ्यात उपयोगी पडते. तिला वाट माहीत झालेली असते आणि वाट न सापडण्याचा त्रासही ती विसरलेली नसते.

खान्देशात बिऱ्हाड हलणं नवं नाही. दिवाळी झाली की धडगाव-अक्कलकुव्याकडची कुटुंबं ऊसतोडीला गुजरातेत उतरतात आणि होळीला परततात. कापूस वेचणीला सातपुड्यातले पावरा, भिल्ल मजूर चोपडा-यावल पट्ट्यात येतात. बडवानी, खरगोनकडची माणसं वीटभट्ट्यांवर, केळीच्या बागांत, जळगावच्या एमआयडीसीत दिसतात. भुसावळला रेल्वेने कुठकुठली माणसं आणून वसवली. फाळणीनंतर सिंधी कुटुंबं निर्वासित म्हणून आली आणि जळगावात त्यांची अख्खी कॉलनी उभी राहिली. सरदार सरोवराच्या पाण्याने अक्कलकुवा-अक्राणीतल्या ३३ गावांना झळ बसली, आणि त्यातले कित्येक जण तळोदा-शहाद्याच्या सपाटीवरच्या पुनर्वसन वसाहतींत नव्याने संसार मांडून बसले. प्रत्येकीचं येणं वेगळं, दुःखही वेगळं. पहिल्या महिन्यातल्या अडचणी मात्र बऱ्याचशा सारख्याच.

पहिल्या आठवड्यात: एक सोबतीण आणि एक पिशवी

आधी एक बाई शोधा. नळावर, पिठाच्या गिरणीत, कामाच्या जागी, कुठेही. तिची ओळख मोठी नसली तरी चालेल. तिने दोनच गोष्टी कबूल करायच्या: तू जिथे जाशील तिथे मी येईन, आणि मी जाईन तिथे तू यायचं. सरकारी कचेरीत एकटी बाई गेली की 'उद्या या' ऐकून परत येते. दोघी गेल्या तर दुसरी विचारते, "उद्या किती वाजता, आणि कोणाला भेटायचं?" एवढ्या एका प्रश्नाने कितीतरी चकरा वाचतात, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

आणि ताई, तुम्ही जुन्या असाल तर नवीची वाट बघत बसू नका. नवी बाई आपणहून बोलत नाही. तिला घरच्यांनी 'कोणाशी जास्त बोलू नको' असं बजावलेलं असतं. आमच्याकडे अहिराणीत विचारतात, "कशी शेस माय?" समोरचीला अहिराणी येत नसली तरी त्या स्वरात काय आहे ते तिला कळतं.

दुसरं म्हणजे कागदांची पिशवी. प्लास्टिकची, चेन असलेली, आणि ती पेटीत न ठेवता खिळ्याला टांगायची. खोलीत पाणी शिरलं किंवा आग लागली तर पेटी उचलता येत नाही. पिशवीत आधार, रेशनकार्ड, बँक पासबुक, मुलांचे जन्मदाखले, शाळेचे दाखले, बाळंतपणाचं आणि लसीचं कार्ड, नवऱ्याच्या आधारची झेरॉक्स ठेवा. सोबत एका कागदावर सगळ्यांचे नंबर हाताने लिहून ठेवा. मोबाइल बिघडतो, चोरीला जातो, रिचार्ज संपतो. कागदाचं तसं नसतं. त्याच कागदावर तुमच्या मूळ गावच्या अंगणवाडीताईचा आणि आशाताईचा नंबरही लिहा. पुढे त्याची गरज पडते.

रेशन: अंगठा लागला नाही म्हणून परत फिरू नका

सगळ्यात जास्त बायका इथे अडतात, म्हणून हे जरा सविस्तर सांगते.

तुमचं रेशनकार्ड धडगावचं असो, बऱ्हाणपूरचं असो की बिहारचं, 'वन नेशन वन रेशन कार्ड' योजनेत देशातल्या कुठल्याही रेशन दुकानात धान्य मिळतं. राज्याराज्यांतली ही सोय २०१९ मध्ये ज्या मोजक्या राज्यांत आधी सुरू झाली त्यांत महाराष्ट्र आणि गुजरात होते, आणि २०२२ पर्यंत ती देशभर पोचली. अट इतकीच की कार्ड अन्नसुरक्षा कायद्यातलं हवं, म्हणजे प्राधान्य कुटुंब किंवा अंत्योदय, आणि त्याला आधार जोडलेलं हवं. प्राधान्य कार्डावर माणशी महिन्याला ५ किलो, अंत्योदयवर कुटुंबाला ३५ किलो. जानेवारी २०२३ पासून हे धान्य मोफत आहे. दुकानदार पैसे मागत असेल तर पावती मागा. कार्ड इथे 'ट्रान्सफर' करून आणा असं कोणी म्हणालं तर शांतपणे सांगा की त्याची गरज नाही, कार्डाचा नंबर टाका, मी अंगठा देते.

आणखी एक गोष्ट बऱ्याच जणींना ठाऊक नसते. कुटुंब दोन ठिकाणी असेल, म्हणजे सासू-सासरे गावी आणि तुम्ही इथे, तर त्याच कार्डावरचं काही धान्य इथे आणि उरलेलं गावी उचलता येतं. गावी फोन करून आधी ठरवा, नाहीतर सासूबाई दुकानात जातील आणि 'उचललं गेलंय' ऐकून परत येतील. मग घरात भांडण. आमच्या गटातल्या एका घरात हे झालं आहे.

आता अंगठ्याचं. दालमिलमध्ये, वीटभट्टीवर, मिरचीच्या पथारीवर काम करणाऱ्या बाईच्या बोटांच्या रेषा झिजतात. नंदुरबारला मिरचीचे देठ खुडणाऱ्या बायकांचे हात तर संध्याकाळी आगीत धरल्यासारखे होतात, त्या खोबरेल लावून बसतात. असा हात यंत्रावर ठेवला की यंत्र वाजतं आणि ओळखत नाही. मागची रांग ओरडायला लागते, बाई लाजते, निघून जाते. तसं करू नका. हात साबणाने धुऊन कोरडे करा, तेलाचा अंश राहू देऊ नका. दहाही बोटं लावून बघा. बऱ्याचदा करंगळी किंवा डाव्या हाताचं बोट लागतं. बऱ्याच नव्या यंत्रांना डोळ्यांचं बुबुळ वाचायची सोय आहे, ती आहे का ते विचारा. आधारला मोबाइल जोडलेला असेल तर ओटीपीचं विचारा. एवढं करूनही नाही झालं तर दुकानाच्या फलकावरून दुकानाचा नंबर लिहून घ्या आणि १९६७ वर तक्रार करा. फोन सोबतिणीसमोर करा, म्हणजे तिलाही येईल.

आणि ई-केवायसी, म्हणजे कार्डावरच्या माणसाची आधारवरून पटवलेली ओळख. घरातल्या प्रत्येक माणसाची ती झाली आहे ना, हे बघून घ्या. गावाबाहेर असलेल्या माणसांची राहून जाते आणि नाव कमी होतं. जिथे आहात तिथल्या रेशन दुकानात ती होऊ शकते, त्यासाठी गावी जायला नको.

अंगणवाडी, दवाखाना, शाळा

गरोदर असाल, अंगावर पाजत असाल किंवा सहा वर्षांच्या आतलं मूल असेल तर पहिल्याच आठवड्यात अंगणवाडीत नाव सांगा. भाडेकरार मागण्याची ही जागा नव्हे. अंगणवाडीताईकडे पोषण ट्रॅकर नावाचं मोबाइल अ‍ॅप असतं, त्यात गावाकडची नोंद इकडे घेता येते. तिथे मूळ गावच्या ताईंचा नंबर उपयोगी पडतो. दोन ताया फोनवर बोलल्या की काम झालं. लसीकरणाच्या दिवशी नर्सबाई येतात, त्यांना कार्ड दाखवा. कार्ड हरवलं असेल तरी जा, लस चुकली असेल तरी जा. उशीर झाला म्हणून कोणी हाकलत नाही, उलट कुठल्या राहिलेल्या लशी अजून देता येतात ते सांगतात. त्या सात महिन्यांच्या मुलाला पुढे लशी मिळाल्या. आज तो शाळेत जातो.

पहिल्या बाळंतपणाला मातृवंदना योजनेचे ५,००० रुपये मिळतात, दुसरं मूल मुलगी असेल तर ६,०००. अर्ज अंगणवाडीताई किंवा आशाताई करून देतात. घरून बाळंतपणासाठी निघायचं तर अ‍ॅम्ब्युलन्सला १०२ वर फोन, जीवावर बेतलं तर १०८. हे दोन नंबर दाराच्या आतल्या बाजूला खडूने लिहून ठेवा. वाचता येत नसेल तरी लिहा. घरात मोबाइल हाताळणारं पोर असतंच.

शाळेचं मला स्वतःला सोसावं लागलं. थोरलीला घेऊन एका शाळेत गेले, तर 'दाखला आणा मग बघू' म्हणाले. दाखला आणायला गावी जायचं म्हणजे दोन दिवसांचा खाडा आणि बसभाडं. असे सहा आठवडे गेले, पोरगी घरी बसून धाकट्याला सांभाळत राहिली. नंतर कळलं की २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात स्पष्ट लिहिलं आहे: दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही, वयाचा पुरावा नाही म्हणून नाकारता येत नाही, आणि मुलाला त्याच्या वयाच्या वर्गात बसवायचं असतं. वर्षाच्या मध्यातही. हे तेव्हा मला कोणी सांगितलं असतं तर! म्हणून आता आमच्या वस्तीत नवं बिऱ्हाड उतरलं की तिसऱ्या दिवशी आमच्यातली कोणीतरी त्या पोरांना घेऊन शाळेत जाते, आईला सोबत घेऊनच.

ऊसतोडीला किंवा भट्टीवर जाणार असाल तर निघण्याआधी शाळेतून शिक्षण हमी कार्ड मागून घ्या, ते दाखवून पुढच्या गावच्या शाळेत मूल बसतं. आणि शक्य असेल तर मुलांना मागेच ठेवा. हंगामी वसतिगृहाची सोय असते, त्यात मूल गावातच राहून शाळेत जातं. आजीला सोबत ठेवता येत असेल तर त्याहून चांगलं. हे माझं मत आहे आणि मी त्यावर ठाम आहे: एक हंगाम शाळा बुडलेली मुलगी दुसऱ्या हंगामात कोयत्यावर दिसते.

कामाच्या जागी: तुमचं नाव हजेरीत वेगळं हवं

ऊसतोडीत नवरा-बायको मिळून 'एक कोयता' धरतात. भट्टीवर जोडी धरतात. उचल, म्हणजे मुकादमाने दिलेले आगाऊ पैसे, नवऱ्याच्या हातात पडते, हिशोब नवऱ्याशी होतो, आणि बाईने किती काम केलं याची कुठेच नोंद नसते. नवरा आजारी पडला, सोडून गेला, दारूत बुडाला, की ती उचल मात्र तिच्या डोक्यावर येते. तेव्हा हंगाम सुरू होण्याआधीच मुकादमाला सांगा, हजेरीत माझं नाव वेगळं लिहा. तो हसेल. दहा बायकांनी एकदम सांगितलं की हसत नाही.

स्वतःची एक वही ठेवा. तारीख, काम, वजन किंवा दिवस, मिळालेले पैसे. कापूस वेचणी किलोवर असते तेव्हा काटा झाला की लगेच लिहा, रात्री आठवून लिहिलं की कमीच भरतं. लिहिता येत नसेल तर मुलीकडून लिहून घ्या किंवा रेघा मारा. उचल घेतली तर किती, कधी, कोणासमोर, हेही वहीत. वाद पेटला तर सहाय्यक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात ही वही बोलते. सारख्या कामाला बाई-पुरुषाची मजुरी सारखी हे १९७६ पासून कायद्यात आहे. शेतावर अजून कुठे मिळत नाही, हे मला माहीत आहे. पण मागताना आपण मेहरबानी मागत नाही, एवढं मनात पक्कं असलं की आवाज वेगळा निघतो.

ई-श्रम कार्ड, म्हणजे असंघटित कामगारांच्या सरकारी नोंदणीचं कार्ड, १६ ते ५९ वयात काढता येतं, देशात कुठेही चालतं. बांधकामावर वर्षात ९० दिवस काम केलं असेल तर बांधकाम कामगार मंडळात स्वतःच्या नावाने नोंदणी करा, नवऱ्याची झाली म्हणून तुमची होत नाही. एजंट पैसे मागतात, ते टाळा.

आता गट

चार-सहा जणी रेशनला, शाळेला, दवाखान्यात एकमेकींसोबत जायला लागल्या की गट तयार झालेला असतोच, त्याला फक्त नाव द्यायचं राहतं. मी उलटं केलेलेही पाहिले आहेत. आधी नाव, आधी अध्यक्ष, आधी बॅनर. सहा महिन्यांत मोडतात.

गट साधारण १० ते २० जणींचा. गावात असाल तर बायकांचे गट बांधणाऱ्या सरकारी 'उमेद' अभियानाच्या ताई गाठा, शहरात महापालिकेच्या किंवा नगरपालिकेच्या उपजीविका विभागात विचारा. १९७५ पासून काम करणारं महिला आर्थिक विकास महामंडळ, म्हणजे माविम, तेही मदत करतं. नियम सगळीकडे तेच पाच: नियमित बैठक, नियमित बचत, गटातच कर्ज, वेळेवर परतफेड, आणि चोख लिखाण. बँकेत गटाचं खातं उघडताना सगळ्यांची कागदपत्रं लागतात असं बँकेत सांगतात, पण रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे बचत खात्यासाठी पदाधिकाऱ्यांची पुरतात. ज्यांच्याकडे काहीच कागद नाही अशा बायकांनाही त्यामुळे गटात घेता येतं. अशा बाईच्या स्वतःच्या नावाने, फोटो आणि सही-अंगठ्यावर, बँकेत 'छोटं खातं' निघतं. त्यात ५०,००० पेक्षा जास्त शिल्लक ठेवता येत नाही, पण सुरुवातीला तेवढं पुष्कळ झालं.

आता जे शिकायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला ते सांगते. स्थलांतरित बायकांचा गट हा गावातल्या गटासारखा चालत नाही. आमचा पहिला गट पहिल्याच होळीला मोडला. फाल्गुन लागला आणि सोळातल्या नऊ जणी आपापल्या गावी निघून गेल्या. सातपुड्यातल्या बाईला होळी चुकवायला सांगणं म्हणजे श्वास घेऊ नको म्हणण्यासारखं. भोंगऱ्या बाजार, होळी, ढोल, सगळी भावकी एकत्र येते ती तेव्हाच. आम्ही मात्र नियमावर बोट ठेवून गैरहजेरीचा दंड लावला. परत आल्यावर दंड भरायचा म्हणून चौघी आल्याच नाहीत. नियम बरोबर होता आणि गट मोडला.

दुसऱ्या गटात आम्ही हंगाम धरून नियम केले. काम असतं त्या महिन्यांत बचत थोडी जास्त, गावी जायच्या महिन्यांत शून्य, दंड नाही. जाणाऱ्या बाईचं कर्ज असेल तर तिच्या हप्त्याला सुट्टी, पण जाण्याआधी बैठकीत सगळ्यांसमोर उभं राहून तिने सांगायचं की मी कधी परत येणार. आलीच नाही तर फोन कोण करणार, तेही तेव्हाच ठरतं. हा गट अजून चालू आहे.

बैठकीत भाषेचं काय करायचं? प्रत्येक बैठकीत एकीने दुभाषी व्हायचं, आणि ते काम मानाचं समजायचं. पावरी, भिली, निमाडी, अहिराणी, हिंदी, आमच्याकडे सगळं चालतं. मात्र बैठक थोडी लांबते. लांबू द्या. भाषा कळत नाही म्हणून जी गप्प बसते, तिचा अंगठा कुठल्याही ठरावावर घेऊ नका.

वही हा माझा जिव्हाळ्याचा विषय. गटाची वही जिच्या हातात, तिच्या हातात गट. म्हणून ती एकाच शिकलेल्या बाईकडे कायमची राहू देऊ नका. आम्ही दर सहा महिन्यांनी लिहिणारी बदलतो. अक्षर वाईट येतं, बेरीज चुकते, जुनी शेजारी बसून दुरुस्त करून घेते. आमच्यातली एक ताई पहिल्या दिवशी पेन्सिल मुठीत धरून बसली होती, भाकरीचं पीठ मळताना हात असतो तशी. तीन बैठका तिने फक्त आकडे काढले. चौथ्या बैठकीत तिने बेरीज केली, आणि मागच्या महिन्यातली चूक तिनेच काढली, वीस रुपयांची. ती चूक माझी होती. त्या दिवशी मला फार बरं वाटलं.

अध्यक्ष, सचिवही असेच फिरते ठेवा. आणि जी शेवटची आली आहे तिला काहीतरी काम द्याच, सतरंजी घालण्याचं असलं तरी. कामाशिवाय बसलेली बाई पाहुणी राहते.

फायनान्सवाल्यांचं मात्र सांभाळा. मोटारसायकलवर येतात, बायकांचा 'ग्रुप' करतात, आठवड्याचा हप्ता लावतात आणि एकीचा थकला की बाकीच्यांना तिच्या दारात बसवतात. हा बचत गट नाही. बचत गटात पैसा आपला असतो आणि व्याजही आपल्याकडेच राहतं. आधीच घेतलं असेल तर घाबरू नका, पण नवं काढून जुनं फेडू नका.

मार, धमकी, आणि घरातलं

इथे पुढारपणाची खरी कसोटी लागते, आणि इथेच चांगल्या बायकाही चुकतात. मार खाल्लेली बाई रात्री दारात आली की आपण समजूत घालून परत पाठवतो, सकाळी नवऱ्याला चार शब्द सुनावतो आणि समाधान मानतो. तसं करू नका. आधी तिला विचारा, आज रात्री घरी जाणं सुरक्षित आहे का? नसेल तर पोलिसांना ११२ किंवा महिला हेल्पलाइनला १८१ वर फोन करा. जिल्ह्याच्या ठिकाणी सखी वन स्टॉप सेंटर असतं, तिथे निवारा, दवाखाना, पोलीस, वकील यांची जोड एकाच ठिकाणी मिळते.

'तू इथली नाहीस, तुझ्या गावी जाऊन तक्रार कर' हे वाक्य बायकांना सर्रास ऐकवलं जातं. ते चूक आहे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात बाई तात्पुरती जिथे राहते तिथल्या न्यायालयातही अर्ज करता येतो. गुन्हा दुसऱ्या हद्दीत घडला असला तरी कुठलंही पोलीस ठाणं झिरो एफआयआर नोंदवून घेतं. वकिलाचे पैसे नसतील तर जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात जा. बाईला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. त्यांचा नंबर १५१००.

तिची गोष्ट बैठकीत काढू नका. ती स्वतः काढेल तेव्हाच. आणि जातपंचांसमोर किंवा मुकादमासमोर 'मिटवून टाका' म्हणत तिला उभी करू नका.

आपल्याच मुलखात याची मोठी परंपरा आहे हे सांगताना मला अभिमान वाटतो. १९७० च्या दशकात शहाद्याकडे श्रमिक संघटनेतल्या भिल्ल मजूर बायका दारूच्या गुत्त्यांवर चालून गेल्या आणि त्यांनी माठ फोडले. शहादा तेव्हा धुळे जिल्ह्यात होतं. नंदुरबार जिल्हा १९९८ ला झाला. त्या बायका जमिनीच्या आणि मजुरीच्या लढ्यातून पुढे आल्या होत्या, आणि नवऱ्याचा मार हा घरातला खासगी मामला मानायला त्यांनी नकार दिला. त्यांच्याकडे ना हेल्पलाइन होती ना कायदा. एकमेकी होत्या.

गावाच्या कारभारात

पाच-सहा महिने झाले आणि इथेच राहायचं ठरलं की मतदार यादीचं बघा. पहिल्यांदा नाव घालायचं तर नमुना ६, पत्ता बदलायचा तर नमुना ८. माहितीसाठी १९५० या नंबरवर फोन करा. यादीत नाव असलं की गावात तुम्ही ग्रामसभेच्या सभासद होता. महाराष्ट्रात ग्रामपंचायतीच्या निम्म्या जागा बायकांसाठी राखीव आहेत आणि ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यावी लागते. वस्तीला नळ नाही, दिवा नाही, अंगणवाडी लांब आहे, हे आधी त्या सभेत मांडा आणि ठराव लिहून घ्यायला लावा. तोंडी आश्वासन गणपतीत मिळतं आणि दिवाळीपर्यंत विरतं.

जातीच्या दाखल्यात मात्र फसगत होते, ती आधीच सांगते. मध्य प्रदेशातली बारेला किंवा भिल्ल बाई लग्न करून किंवा कामाला महाराष्ट्रात आली तर तिला इथला अनुसूचित जमातीचा दाखला त्यावरून मिळत नाही. दाखला माहेरच्या, म्हणजे मूळ राज्यातून निघतो. कुटुंब ६ सप्टेंबर १९५० ला कुठे राहत होतं ते बघितलं जातं. तेव्हा माहेराहून वडिलांची कागदपत्रं वेळेवर मागवून ठेवा. एजंटला पैसे देऊन खोटा दाखला काढलात तर पुढे मुलांच्या शिक्षणात तो रद्द होतो आणि वर्षं वाया जातात.

कुठल्याही पक्षाने गटाला साड्या वाटल्या तर ज्यांना हव्या त्यांनी घ्याव्यात, पण गटाच्या नावाने नाही, आणि गटाच्या बैठकीत नाही.

तुम्ही पुढे निघालात तर

काम संपतं, खोली सुटते, सुरतेला किंवा पुण्याला जायचं ठरतं. असं झालं तर जाण्याआधी आठ दिवस तरी गटात सांगा. आपली बचत मोजून घ्या, कर्ज असेल तर ते कसं फेडणार ते लिहून द्या, आणि पासबुकावर शेवटची नोंद करून घ्या. अंगणवाडीत सांगा म्हणजे मुलाची नोंद पुढच्या गावाला जाईल. शाळेतून दाखला घ्या. राहिला तरी तिकडे प्रवेश थांबत नाही, आता तुम्हाला ते माहीत आहे.

खिळ्याची पिशवी काढा. त्यातला नंबरांचा कागद उलटा करा आणि मागच्या बाजूला इथल्या तिघींचे नंबर लिहा. एक नंबर जिच्या हातात सध्या वही आहे तिचा.